धुऱ्यावरचं कोहळं

जगाला कर्ता लागत नाही, हा चौदा वर्षांचा वाद प्रभाकरराव अखेर जिंकले. विरोधी पक्ष फाल्गुनात वारला. पण तसं काही घडलंच नाही असं धरून, आषाढातल्या त्या सकाळी ते धुऱ्यावर बसून थर्मासमधला चहा दोन गिलासांत ओतत होते. दुसरा गिलास त्यांनी नेहमीच्या दगडावर ठेवला. तो पार निवाल्यावर, "तू बोलतच राह्यतं, तानबा, अन् चाय थंडी होते," असं पुटपुटून तोही पिऊन टाकला.

प्रभाकरराव केळझरच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांचं वांग्याचं वावर आणि तानबाचं भेंडीचं वावर, यांच्यामधला बांध म्हणजे हा धुरा. त्यावर दरसाल कोहळ्याचा एक वेल यायचा, कोणी न लावता. वाद तिथूनच पेटला होता.

"हे कोणं लावलं, मास्तर?" तानबा विचारायचा.

"कोणीच नाई. आपोआप आलं."

"अन् जग?"

"थेही तसंच."

"आपोआप त माह्या घरी चाय बी होत नाई, अन् एवढं जग झालं?"

"बरं, देवानं केलं. मंग देवाले कोणं केलं?"

"थो पहिलेपासूनच हाये."

"मंग जगच पहिलेपासून हाये म्हन ना! मधात देवाले कायले ताप देतं?"

यावर तानबा मान खाली घालून कोहळं फोडायचा आणि मोठी फोड मास्तरांपुढे सरकवायचा. हरल्याचा चेहरा त्याला फार छान जमायचा.

प्रभाकररावांच्या घरी दुसरं कोणी नव्हतं. पुण्याची लेक रविवारी फोन करायची. जेवलात का, गोळी घेतली का, एवढं विचारायची. देव आहे का, असं तिनं कधीच विचारलं नाही.

यंदा वेल आला नव्हता. प्रभाकररावांनी गवत बाजूला सारून पाहिलं. माती चिमटीत घेऊन पाहिली. रानडुकरांवर चार दिवस संशय घेतला. पण डुकरांनी खाल्लं म्हणावं तर खायला मुळात काही उगवलंच नव्हतं. शेवटी ते पलीकडे भेंडी तोडणाऱ्या तानबाच्या बायकोकडे गेले.

"वहिनी, यंदा कोहळं काऊन नाई आलं?"

गोपिकाबाईंनी टोपलं खाली ठेवलं.

"लावलं नाई त येईन कसं?"

"लावत होतं कोण?"

"हेच. तुमी दुपारी झोपले का तीन बिया टोचून येत. मी म्हणो, सांगून टाका ना मास्तरले, वाद जिंकसान. त म्हणत, मी जिंकलो त मास्तर उद्यापासून कोणासंग बोलन? येकला माणूस हाये थो."

प्रभाकररावांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

गोपिकाबाईंनी पदराची गाठ सोडली.

"ह्या तीन बिया उरल्या होत्या. लावून टाका तुमीच."

धुऱ्यावर येऊन त्यांनी बोटानं मातीत एक भोक पाडलं. बी त्याच्या तोंडाशी धरलं. बराच वेळ धरलं. मग तिन्ही बिया सदऱ्याच्या खिशात टाकल्या आणि भोक पायानं बुजवलं.

घरी आल्यावर त्यांनी वहीचं पान फाडलं, समास सोडला आणि शाळेत रजेचे अर्ज लिहीत त्याच वळणदार अक्षरात लिहिलं :

प्रति,
मा. सृष्टिकर्ते (असल्यास)

विषय : धुऱ्यावरील कोहळ्याच्या वेलाबाबत.

महोदय,

आपल्या अस्तित्वाबाबत अर्जदाराचे मत पूर्वीचेच आहे. तथापि सदर वेल अर्जदाराने स्वतः बी न लावता पूर्ववत उगवावा, आणि त्यासाठी संबंधित इसमास, अर्जदार दुपारी झोपलेला असताना, नेहमीप्रमाणे येऊन जाण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.

सोबत : बिया, नग तीन.