राक्षसाचा खेळ सुटल्यावर

मैनाबाईला त्या सिनेमाचा फक्त शेवट ठाऊक होता. सदर भागातल्या मल्टिप्लेक्समध्ये ती चार वर्षांपासून साफसफाईला होती. खेळ सुटायच्या पाच मिनिटं आधी झाडू, सुपली आणि काळी पिशवी घेऊन दाराच्या आत अंधारात उभं राहायचं, ही तिची ड्युटी. त्यामुळे सिनेमा कोणताही असो, तिच्या वाट्याला शेवटच यायचा.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तर रोज चार वेळा एकच शेवट. शेवाळी रंगाचा, तीन डोळ्यांचा, हत्तीएवढा राक्षस झोपलेल्या मुलीला गावाच्या वेशीवर अलगद ठेवतो आणि डोंगराकडे चालू लागतो. मुलगी जागी होते, हाक मारते, आणि तो वळतो. सगळं कम्प्युटरवर काढलेलं, पण राक्षसाच्या अंगावरचा केस न् केस वाऱ्यानं हलायचा. तो वळला की लेकरं टाळ्या पिटायची आणि मोठी माणसं दिवे लागायच्या आत डोळे पुसून घ्यायची.

मैनाबाईला याचं नवल वाटायचं. ती लहान असताना उमरेडला, आई मागावर बसली असली की आतल्या खोलीत बागुलबुवा आहे एवढं सांगायची, आणि पाचही भावंडं उंबऱ्याच्या अलीकडे गुपचूप बसायची. ही आताची लेकरं मात्र त्या अक्राळविक्राळ धुडाचा मुखवटा घालून नाचत बाहेर पडत होती.

"हे पोट्टे काहून भेत नाहीत गा?" तिनं दारावर तिकिटं तपासणाऱ्या जितेंद्रला विचारलं होतं.

"काकू, त्याचे डोळे पाहा ना. एवढाले मोठे अन् ओले. असे डोळे असलेला काही करत नाही, हे लेकराले बरोबर समजते."

बुधवारी दुपारी ती लॉबीत फरशी पुसत होती, तेव्हा एक माणूस तिच्याजवळ येऊन थांबला. तिशी-पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांखाली काळं. तिकीट न काढता तो बराच वेळ त्या राक्षसाचं पोस्टर पाहत उभा होता.

"मावशी, हा सिनेमा सहा वर्षांच्या पोरीले आवडन का?"

"आवडन म्हणजे? जागचे हलत नाहीत लेकरं. काल एका पोट्ट्याले त्याच्या बापानं उचलून नेलं."

"भीती तर नाही ना वाटत?"

"नाही जी. लय मायाळू हाय तो."

माणूस हसला नाही. "खेळ सुटल्यावर हॉलमध्ये शेवटी कोण असते?"

"मीच. सारे गेले की मी झाडतो."

"रविवारी दुपारीही तुम्हीच?"

"रविवारी तर सुट्टीच भेटत नाही," मैनाबाई म्हणाली. त्यानं तिच्याकडे नीट निरखून पाहिलं, जशी ओळख ठेवायची असावी तसं, आणि निघून गेला. काही लोकांना बोलायची हौस असते, असं समजून ती पुन्हा फरशीला लागली.

रविवारी बाराचा खेळ सुटला. राक्षस वळला, टाळ्या झाल्या, माणसं बाहेर पडली. मैनाबाईनं मागच्या रांगेपासून झाडायला सुरुवात केली. मधल्या रांगेत पोचली तर कडेच्या खुर्चीत एक मुलगी बसलेली. दोन वेण्या, मांडीवर शाळेचं दप्तर, हातात अर्धा संपलेला पॉपकॉर्नचा डबा. पडद्यावर नावं सरकत होती आणि मुलगी तीही मन लावून पाहत होती.

"कोणासंगं आली वं बाई?"

"पप्पांसोबत. ते बाथरूमला गेले. त्यांनी सांगितलं, हलायचं नाही."

"कधी गेले?"

मुलीनं विचार केला. "राक्षस गुहेत दिवा लावतो ना, तेव्हा."

मैनाबाईला त्यातलं काही कळलं नाही. तिनं जितेंद्रला हाक मारली. त्यानं ते ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. तो प्रसंग इंटरवलच्याही आधी, सुरुवातीच्या वीस मिनिटांत होता. म्हणजे माणूस जाऊन दीड तास उलटला होता.

जितेंद्र पुरुषांचं बाथरूम पाहून आला. मॅनेजरनं माईकवरून दोनदा पुकारलं. मुलीनं आपलं नाव गोपिका एवढंच सांगितलं होतं, त्यामुळे 'गोपिकाचे वडील' असंच पुकारावं लागलं. कोणी आलं नाही. इकडे पुढच्या खेळाची माणसं आत यायला लागली. एक जोडपं दोन मुलांना घेऊन त्याच रांगेशी येऊन उभं राहिलं. ती खुर्ची त्यांची होती.

"मी इथंच बसते ना," गोपिका म्हणाली. "पुन्हा लागेल तो. पप्पा आले तर इथंच शोधतील."

"बाहेर पंख्याखाली बसू. तिथून सारे येणारे दिसतात," मैनाबाई म्हणाली. मुलगी उठली, पण हॉलमधून निघताना चालता चालता मागं पाहत राहिली.

मॅनेजरच्या खोलीत दप्तर उघडलं. त्यात पुस्तक-वही काही नव्हतं. दोन फ्रॉक, आतले कपडे, कंगवा, औषधाची बाटली, आधार कार्डाची झेरॉक्स आणि चौकटीच्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलेली चिठ्ठी. मॅनेजरनं ती हळू आवाजात वाचली. *नाव गोपिका. झटके येतात, औषध सकाळ-रात्र पाच मिली, चुकवू नये. झटका आल्यावर कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये. भेंडी खात नाही. अंधाराला भीत नाही. राक्षसांचे सिनेमे आवडतात.* खाली सावनेरचा एक फोन नंबर होता. सही नव्हती.

मॅनेजरनं पोलिसांना फोन लावला आणि कॅमेऱ्यातलं चित्रण काढायला सांगितलं. पडद्यावर हॉलच्या दारातून एक माणूस बाहेर पडताना दिसला. दोन पावलं गेला, थांबला, परत दाराशी आला, दारावर हात ठेवून उभा राहिला. मग वळून पार्किंगच्या जिन्यानं उतरून गेला.

मैनाबाईनं त्याला ओळखलं. तोच इस्त्रीचा शर्ट. जागचे हलत नाहीत लेकरं, असं आपणच सांगितलं होतं. रविवारी मीच असतो, हेही आपणच.

"पाहिलं का कोणी याले आधी?" मॅनेजरनं विचारलं.

"नाही," मैनाबाई बोलून गेली.

पोलीस यायला तास लागला. तोवर मुलीजवळ बसायचं काम तिच्याकडे आलं. लॉबीच्या कोपऱ्यातल्या बाकावर दोघी बसल्या. गोपिका रडत नव्हती. येणाऱ्या प्रत्येक माणसाचे आधी बूट पाहायची, मग चेहरा.

"तुम्ही पूर्ण पाहिला का सिनेमा?" तिनं मध्येच विचारलं.

"मले शेवटच माहीत हाय."

मग मुलीनं सुरुवात सांगितली. त्या गावातली मुलगी आईवर रुसून एकटीच डोंगरावर जाते आणि धुक्यात वाट चुकते. राक्षसाला माणसांची भीती वाटत असते, तरी तो तिला गुहेत नेतो, दिवा लावतो. तिथवर सांगून गोपिका थांबली.

"मग तिचे घरचे तिले शोधत असतील," मैनाबाई म्हणाली.

"हो. सगळं गाव शोधतं. तिला कोणी सोडलं नव्हतं, ती स्वतःच गेली होती." जराशानं तिनं विचारलं, "पप्पांना माझं औषध माहीत आहे. रात्रीच्या आधी येतील ना?"

मैनाबाईनं मुलीची सैल झालेली वेणी सोडून पुन्हा घट्ट घातली.

पोलिसांत हर्षा नावाची एक हवालदार बाई होती. तिनं सावनेरचा नंबर लावला. तो गोपिकाच्या मामाचा निघाला. बहीण दोन वर्षांपूर्वी वारली, आई अंथरुणाला खिळली आहे, आणि झटक्यांच्या पोरीची जबाबदारी आपल्याच्यानं होणार नाही, असं त्यानं साफ सांगितलं. हर्षाबाईनं फोन ठेवला आणि मुलीला न्यायची तयारी सुरू केली.

तेव्हा मैनाबाई उठली. जितेंद्रनं तिची बाही ओढली. "काकू, काही बोलू नका. जबाबासाठी चकरा माराव्या लागतीन, कंत्राटदार कामावरून काढन."

"मी खोटं बोलली, मॅडम," मैनाबाई म्हणाली. "तो बुधवारी आला होता. त्यानं मले सारं विचारलं, अन् मी सारं सांगतलं." आणि तिनं शब्द न् शब्द सांगितला. हर्षाबाईनं लिहून घेतलं. "तुम्हाले काय माहीत होतं, मावशी," एवढंच ती म्हणाली. गाडीत बसताना गोपिकानं मैनाबाईला विचारलं, "पप्पा आले तर तुम्ही सांगाल ना, मी कुठं आहे?" मैनाबाईनं मान हलवली.

जितेंद्रचं म्हणणं काही खोटं ठरलं नाही. कंत्राटदारानं तिला काढलं नाही, पण हॉलवरून हटवून तळघरातल्या बाथरूमवर टाकलं. पोलिसांत नाव गेलेली बाई लोकांसमोर नको, असं त्याचं म्हणणं. शेवाळी राक्षसाचा सिनेमा पुढं तीन आठवडे चालला, पण तिनं तो पुन्हा पाहिला नाही.

गोपिकाचा बाप, अमोल त्याचं नाव, महिन्याभरानं दुर्गला सापडला. एका गोदामात कामाला लागला होता. हर्षाबाईनं मैनाबाईला जबाबावर सही करायला बोलावलं, तेव्हा त्याचं म्हणणं सांगितलं. बायको गेल्यावर पोरीला झटके सुरू झाले. दिवसा काम, रात्री तिच्या उशाशी जागरण. आपला डोळा लागला की झटका येईल, ही धास्ती. असं दीड वर्ष चाललं. एका पहाटे तिच्या तोंडावर उशी दाबून धरावी असं त्याच्या मनात आलं. उशी हातातही घेतली होती.

"त्याच दिवसापासून तो तिले सोडायसाठी जागा पाहत फिरत होता," हर्षाबाई म्हणाली. "देऊळ पाहिलं, रेल्वे स्टेशन पाहिलं. म्हणे, सिनेमाच्या हॉलमध्ये बायकापोरंवाली माणसं असतात, अन् पोरगी हसत बसली असन तर तिले लवकर कळणार नाही. अन् मावशी, तो म्हणाला, शेवटी झाडणारी बाई चांगली दिसली."

मैनाबाईनं सही केली. त्या माणसाला शिव्या द्याव्या म्हणून ती आली होती. पण एकही शिवी तिला आठवेना. माफ करावं, असंही वाटेना. हर्षाबाईनं पाणी आणून दिलं.

अमोलला पुढे जामीन मिळाला, पण तो मुलीला भेटायला गेला नाही. गोपिका बालगृहात राहिली. दोन अर्ज आणि हर्षाबाईची चिठ्ठी, एवढं झाल्यावर दिवाळीनंतरच्या एका रविवारी मैनाबाईला भेटायची परवानगी मिळाली. ती संत्री घेऊन गेली.

बालगृहात रविवारी टीव्हीवर सिनेमा लावत. त्या दिवशीही कुठल्याशा गुबगुबीत, जांभळ्या भुताचा सिनेमा सुरू होता. पंचवीसेक मुली सतरंजीवर दाटीवाटीनं बसून हसत होत्या. गोपिका सगळ्यात मागं होती, टीव्हीकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून.

"सिनेमा लागला की ही अशीच बसते," तिथल्या इंदूबाई म्हणाल्या. "समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. बाकी वेळी चांगली असते. औषधही मागून घेते."

मैनाबाई तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसली. गोपिकानं तिला ओळखलं, संत्रं घेतलं, सोललं, पण नजर दारावरून काढली नाही. कोणी बाई उठून बाहेर गेली की ती परत येईपर्यंत मुलीचं चावणं थांबायचं. पाठीमागं भूत काहीतरी वेडंवाकडं करत होतं आणि मुली खिदळत होत्या.

चार वाजता मैनाबाईच्या ड्युटीची वेळ झाली. इंदूबाई हळूच म्हणाल्या, "तिचं लक्ष नसताना निघा, म्हणजे त्रास होत नाही."

मैनाबाईनं ऐकलं नाही. तिनं मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरून आपल्याकडे वळवला.

"गोपिका, मी आता चालली. बाथरूमला नाही, कामाले चालली. आज परत येणार नाही. पुढच्या महिन्यात परवानगी भेटली तर येईन, नाही भेटली तर नाही येणार. समजलं?"

मुलीनं तिच्याकडे पाहिलं. मग मान हलवली आणि संत्र्याची उरलेली फोड तोंडात टाकली. मैनाबाई उठली आणि मुलगी पाहत असताना दारातून बाहेर गेली.