लॉकरमधल्या बाळकृष्णाचं अपील

मी बाळकृष्ण बोलतोय. सध्या मुक्काम डॅलसच्या एका बुडालेल्या बँकेचा लॉकर. आत्ता दार उघडं आहे, तेवढ्यात बोलून घेतो.

सांगलीच्या एका ओताऱ्यानं मला पितळेत ओतलं. गुडघा टेकलेला, हातात लोण्याचा गोळा. तोही मेला पितळेचाच! पण रमाबाई मला रोज वरणभाताचा नैवेद्य दाखवायच्या आणि मगच स्वतः जेवायच्या. मुलाकडे अमेरिकेत आल्या, तेव्हा मलाही पर्समधून घेऊन आल्या.

मुलगा नरेंद्र इंजिनीअर, सून नंदा. १९८६च्या उन्हाळ्यात सगळे ग्रँड कॅन्यनला निघाले. शेजारी नुकतीच चोरी झाली होती. नरेंद्र म्हणाला, "आई, दागिन्यांबरोबर देवही लॉकरमध्ये सेफ राहील."

"बरं बाबा. प्रवासात मी फळांवर राहीन."

परत येतात तो काय, बँक बुडालेली आणि दाराला सरकारी कुलूप! नंदानं बँकेवर दावा लावला. कोर्टानं त्याला स्थगिती दिली. बँकेचे हिशेब मिटेपर्यंत कुणाचाच दावा चालणार नाही म्हणे. झालं! रमाबाई केळी-दुधावरच राहिल्या. त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

मग नंदानं स्थगितीलाच वरच्या कोर्टात आव्हान दिलं. बँकेच्या माणसांनी मला लॉकरमधून काढून पुरावा म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत कोर्टात नेलं, कपाळाला नंबर चिकटवून. देवाचे काय हे हाल!

बँकेचा वकील म्हणाला, "मूर्ती धातूची आहे. थांबल्यानं तिचं काही बिघडत नाही."

"मूर्तीचं नाही, माझ्या सासूबाईंचं बिघडतंय!" नंदा कडाडली.

जजसाहेबांनी रमाबाईंना विचारलं, तुम्ही शेवटचं कधी जेवलात? नंदानं मराठीत सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "हा जेवला की जेवेन म्हणावं. आणि त्यांचं झालं का, विचार."

साहेबांचं झालं होतं. ते बिचारे ओशाळले.

निकाल लागला. स्थगिती कायम, मूर्ती लॉकरमध्येच. मात्र रोज दुपारी बँकेच्या माणसानं फोनचा रिसीव्हर मूर्तीच्या कानाला लावावा, म्हणजे नैवेद्य फोनवरून दाखवता येईल. अरे, हा न्याय की पोरखेळ?

तेव्हापासून एक उंच गोरा साहेब टाय सावरत माझ्यापुढे रिसीव्हर धरून उभा राहतो. तिकडून घंटी वाजते. रमाबाई म्हणतात, "बाळा, आज शिरा केलाय हो, साजूक तुपातला." मला मेला वासही येत नाही! भुकेनं जीव जातो माझा. मग तिकडे ताट सरकतं आणि त्या पहिला घास घेतात.

आत्ताही घेतायत. साहेब, हात अवघडला तरी फोन ठेवू नका हो. म्हातारी जेवतेय माझी.