खालच्या खिडकीचा चष्मा

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे, सायकलवर घालायचा. माझ्या काड्या कानामागे घट्ट बसाव्यात म्हणून वळवलेल्या आहेत. वारा कडेने शिरू नये म्हणून काचा गालापर्यंत आल्या आहेत. उजव्या काचेवर एक बारीक ओरखडा आहे, पण तो कसा आला ते विचारू नका. असे विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा सदऱ्याचे टोक असते, आणि गोष्ट ऐकता ऐकता तो मला पुसायला लागतो, तेही कोरड्या कापडाने! तेव्हा जरा लांबूनच ऐका. माझा तुमच्यावर विश्वास नाही. वाईट वाटून घेऊ नका, माझा सहसा कुणावरच नसतो.

हा स्वभाव मला दुकानात जडला. तिथल्या फळीवर मी नुसती फ्रेम होतो, आत नावाला साध्या काचा. गिऱ्हाईक यायचे, मला नाकावर चढवायचे, आरशात डावीउजवीकडे मान वळवायचे आणि म्हणायचे, "छान आहे." आणि मग दुसराच घेऊन जायचे. असे वारंवार झाल्यावर माणूस असो की चष्मा, गोड शब्द ऐकले की मनात पाल चुकचुकतेच.

एके दिवशी धाकटा आला. हे त्याचे नाव नव्हे. त्याला एक मोठी बहीण आहे, आम्ही सारे तिला ताई म्हणतो, म्हणून तो धाकटा. केस पिकायला लागले तरी धाकटाच. तो शाळेत भूगोल शिकवतो. आत येताना त्याने रस्त्याकडे दोनदा वळून पाहिले. मी मनात म्हटले, याच्यात कुठेतरी पाणी मुरते आहे.

"चाळिशी लागलीय," तो चष्मेवाल्याला हळूच म्हणाला. "लांबचं स्वच्छ दिसतं. जवळचं अक्षर फुटतं. सायकलवर चालेल असं काहीतरी दाखवा."

"सायकलवर कसलं वाचन करता?" चष्मेवाल्याने विचारले.

"रस्ता वाचतो."

मग उलगडा झाला. धाकटा आणि ताई जोडसायकल चालवतात. जोडसायकल म्हणजे एकामागे एक दोन सीटा आणि दोन पॅडलजोड्या असलेली लांब सायकल. पुढे धाकटा, मागे ताई. ताईला जन्मापासून दिसत नाही. सुट्टीच्या दिवशी त्यांच्या सायकल क्लबाची मंडळी लांब फेरीला निघतात. कुठे वळायचे ते एका चिठ्ठीवर छापून देतात आणि ती चिठ्ठी हँडलला अडकवायची असते. गेल्या फेरीत धाकट्याला ती वाचता आली नव्हती. 'पाण्याच्या टाकीनंतर डावीकडे' हे त्याने 'उजवीकडे' वाचले आणि भूगोलाचे सर बहिणीला घेऊन एका खडीच्या खाणीत पोहोचले.

चष्मेवाल्याने गल्ल्यावर एकेक माल मांडला. साध्या गॉगलला आतून पाण्याने चिकटवायच्या वाचनाच्या चकत्या होत्या. धाकटा म्हणाला, "घामाने सुटतील." गॉगलच्या आत बसवायची नंबरच्या काचांची दुसरी जोडी होती. ती लावल्यावर त्याच्या पापण्या काचेला घासल्या आणि दोन श्वासांत धुके जमले. मग एका डोळ्यात जवळचा नंबर घालायची युक्ती निघाली, म्हणजे एक डोळा रस्त्याला आणि एक चिठ्ठीला.

"नको," धाकटा म्हणाला. "खड्डा किती खोल आहे ते दोन्ही डोळ्यांनी कळतं. माझ्या मागे माणूस बसतं."

शेवटी मला उचलले. "यात बायफोकल करून देतो," चष्मेवाला म्हणाला. "वर साधी काच, खाली वाचायची खिडकी. पण रेघ दिसेल हं."

"दिसू दे. जिच्यापासून लपवायचंय तिला दिसत नाही."

हे ऐकून माझा संशय पक्का झाला. तो बहिणीपासून लपवत होता, आणि ज्याच्या आडून लपवत होता तो मी!

कारण त्याने मग चष्मेवाल्याला स्वतःच सांगितले. ताई एरवी काठीने चाचपत चालते. दवाखान्यात टेलिफोनवर बसते, घरी येते, दार लावते. वारा लागेल इतक्या वेगाने ती कुठे जात असेल तर ती याच्या मागे बसून. धाकट्याच्या आधी पुढे एक मावसभाऊ बसायचा. त्याने तिला एकदा गटारात घातले, तेव्हापासून ती दुसऱ्या कुणाच्या मागे बसायला तयार नाही. आता याचेही डोळे अधू झाले हे कळले तर ती उतरेल आणि पुन्हा चढायची नाही, ही त्याची भीती होती.

चष्मेवाल्याने त्याला खुर्चीत बसवले, हातात छापील कागद दिला आणि मापाची खूण केली. काचा बसून आल्या. माझ्या पोटाशी दोन चंद्रकोरी उगवल्या. मला त्या जरा वर बसल्यासारख्या वाटल्या, पण मला विचारतो कोण?

घरी त्याने ताईला सांगितले, "नवा गॉगल घेतला, उन्हाचा."

"इतकी वर्षं ऊन नव्हतं वाटतं?" ताई म्हणाली.

मी डबीत पडल्या पडल्या चपापलो. दवाखान्याच्या फोनवर दिवसभर माणसांचे नुसते आवाज ऐकून तिचे कान तयार झाले होते. कोण घाबरले आहे, कोण थाप मारते आहे, तिला पहिल्या वाक्यात कळायचे. आमच्या घरात संशयात माझ्या तोडीचे कुणी असेल तर ती ताई.

जोडसायकलवर एक रीत असते. पुढचा माणूस मागच्याला सगळे ओरडून सांगतो. "डावीकडे!" म्हटले की दोघे एकदम कलतात. "थांबतोय!" म्हटले की दोघांचे पाय थांबतात. "खड्डा!" म्हटले की मागचा माणूस सीटवरून किंचित उठतो, म्हणजे धक्का पाठीत बसत नाही. ताईची सगळी सायकल या हाकांवर चालायची.

मी आलो आणि चिठ्ठीचा प्रश्न सुटला. अक्षर कसे मोत्यासारखे दिसू लागले. पण खिडकी होती खुर्चीत बसून पेपर वाचणाऱ्याच्या मापाची. सायकलवर चाकापुढचा रस्ताही त्याच खिडकीत यायचा आणि दुधाळ व्हायचा. धाकटा मान खाली घालून, वर करून, जमेल तसे निभावून न्यायचा. खड्डे त्याला दिसायचे, पण उशिरा.

"आज खड्डे आधी येतायत, तुझी हाक नंतर येतेय," ताई मागून म्हणाली.

"रस्ताच खराब आहे."

"रस्ता तोच आहे. तुझं काय चाललंय? झोप होत नाही का? कुणाशी भांडलास? शाळेत काही झालं?"

"काही नाही गं."

"तुझं 'काही नाही' नाकातून आलं की काहीतरी असतं."

त्याने वेळ मारून नेली. पण घरी आल्यावर ती माझ्या डबीवरून हात फिरवून गेली. उघडली मात्र नाही. मी तिच्यावर नजर ठेवून होतो, ती भावावर, आणि भाऊ आमच्या दोघांवर. घरात माणसे दोनच, पण पहारे तीन.

आणि मग तो उतार आला. पुढे क्लबाची मंडळी निघून गेली होती, धाकट्याने चिठ्ठीवर नजर टाकली, अक्षर झकास दिसले, आणि नजर वर यायच्या आत समोरचा स्पीडब्रेकर खिडकीच्या धुक्यात शिरला. हाक आलीच नाही. सायकल उडाली, आपटली, वाकडी झाली. धाकट्याने कशीबशी सांभाळली. मी त्याच्या नाकावरून निसटून डांबरावर घासत गेलो. ताई खाली उतरली तेव्हा तिच्या ओठातून रक्त येत होते. दातांखाली सापडला होता.

ती ओरडली नाही. रस्त्याच्या कडेला बसली, ओठाला रुमाल लावला आणि हात पुढे केला. "चष्मा दे."

"ताई, आधी तुझं बघू."

"चष्मा दे म्हणते ना."

त्याने दिला. तिचा अंगठा माझ्या काचेवरून वरून खाली आला. माझ्या खिडकीच्या वरच्या काठाला एक बारीक उंबरा आहे. डोळ्यांना ती नुसती रेघ दिसते, पण बोटांना तो चांगला लागतो. अंगठा तिथे थांबला, मागे गेला, परत आला. माझे धाबे दणाणले. पोलिसांनी खिसे तपासावेत तसे वाटले.

"हे काय आहे?"

"डिझाइन आहे."

"खालीच? दोन्हीकडे सारखं?" तिने अंगठा पुन्हा त्या काठावर ठेवला. "आईच्या चष्म्याला असाच उंबरा होता. लहानपणी तिच्या मांडीवर बसून मी तो चाचपायचे. तुला चाळिशी लागलीय."

धाकट्याचा चेहरा साफ पडला. "तू बसणार नाहीस असं वाटलं. त्या गटारानंतर..."

"अरे, मला जन्मात एक अक्षर दिसलं नाही. आणि तुला जवळचं दिसत नाही म्हणून मी घाबरेन?" रुमालामागून तिचे शब्द बोबडे येत होते, पण राग स्वच्छ होता. "खड्डा सांगितलास तर मी उठते. नाही सांगितलास तर मी काय करू? हा चष्माही तसलाच, न सांगितलेला खड्डा आहे."

धाकटा रडला. मी डांबरावरून उचललेला, ओरखडा पडलेला, त्यांच्यामध्ये पडून होतो. मला वाटले, आता जोडसायकल विकणार आणि मी कचऱ्यात जाणार.

पण दुसऱ्या दिवशी ताई मला, धाकट्याला आणि आख्ख्या जोडसायकलला घेऊन दुकानात हजर. सायकल दारातून वळेना. पुढचे चाक गल्ल्याला टेकले आणि मागचे रस्त्यावर राहिले.

"ताई, दुकान आहे हे," चष्मेवाला कळवळला.

"माहितीय. याला सायकलवर बसवून माप घ्या."

"मी इतकी वर्षं खुर्चीतच माप घेतोय."

"खुर्ची चालवणाऱ्यांचं घेत असाल."

चष्मेवाल्याने आधी तोंड वाकडे केले, मग तो स्वतःच हसला. ताईने मागची सीट धरून सायकल स्थिर ठेवली, धाकटा वर बसला, हँडलवर हात, नजर रस्त्याकडे, मग चिठ्ठीकडे. चष्मेवाल्याने गुडघ्यावर बसून पुन्हा खूण केली. या वेळी खिडकी पार खाली गेली, चिठ्ठीपुरती. रस्ता पूर्ण मोकळा. जुन्या काचांतली फक्त उजवी, ओरखड्याची, ताईने चष्मेवाल्याकडून मागून घेतली. कशाला हवी होती कोण जाणे. त्याचाही मला संशय आला.

(हो, काचा बदलल्यावरही तो ओरखडा माझ्यावर कसा, असे विचारणारे शहाणे तुमच्यात असतीलच. हा दुसरा आहे. तोच मी सांगत नाही.)

त्यानंतरची वर्षे माझी चांगली गेली. हाका वेळेवर यायच्या. क्लबातली पन्नाशीची मंडळी मला हातात घेऊन विचारायची, "कुठून केलात?" आणि मी प्रत्येकाच्या बोटांकडे संशयाने पाहायचो. पावसाच्या थेंबांत, घामात, धुळीत मी नाकावरून हललो नाही. मग धाकट्याचा नंबर पुन्हा वाढला. मी वाट पाहत बसलो की आता हा कसे लपवतो. पण त्याने सायकलवर चढायच्या आधीच सांगून टाकले, "ताई, चिठ्ठी परत पुसट दिसतेय. आज फेरी नको." झाले! त्याच्या खरेपणाने माझी नोकरी गेली. नवा चष्मा आला आणि मी सुट्या स्क्रूंच्या, गंजलेल्या पान्यांच्या खणात पडलो.

खणात कुणी माझी विचारपूस केली नाही. धूळ बसली. एका काडीचा स्क्रू ढिला झाला. बाहेर सायकल निघाल्याचा आवाज यायचा आणि परत आल्याचाही. परतल्यावर ताई आधी नळाशी जायची, कितीतरी वेळ पाण्याचा आवाज यायचा.

एकदा तो आवाज थांबला आणि ती म्हणाली, "तुझा जुना चष्मा टाकून दिलास का रे?"

"नाही. का?"

"मला दे."

धाकटा हसला. "तू काय करणार त्याचं?"

"घालणार." तिचा एक डोळा लालभडक झाला होता, पाणी गळत होते, हे मी बाहेर आल्यावर पाहिले. "धूळ जाते, चिलटं जातात. दिसत नाही म्हणून डोळे दुखत नाहीत असं थोडंच आहे?"

धाकट्याने विचारले, "इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू स्वतःसाठी आख्खं दुकान पालथं घातलंस, चष्मेवाल्यानं सांगितलं होतं मला. चकत्या काय, आतल्या काचा काय. मला वाटलं, कधीतरी माझंही विचारशील."

खणात मला हे सगळे ऐकू येत होते. मित्रांनो, मी जन्मभर प्रत्येकावर संशय घेतला, पण या गोष्टीची मलाही कधी शंका आली नव्हती. पुढच्या सीटवर वाचायच्या नंबरचा, खिडकीचा, मोजूनमापून केलेला मी होतो. मागच्या सीटवर त्याच वाऱ्यात दोन डोळे उघडे होते.

धाकट्याने मला बाहेर काढले, वाहत्या पाण्याखाली धुतले, मऊ कापडाने टिपले, स्क्रू आवळला. त्याने मला ताईच्या कानांवर चढवले आणि म्हणाला, "तुझ्या मापाचा नवा घेऊ, उद्याच."

"घेऊ. तोवर हा चालेल."

तो 'तोवर' मला मुळीच आवडला नाही. पण आता मी मागच्या सीटवर बसतो. माझ्यातून कुणी पाहत नाही. चिलटे माझ्यावर आपटतात आणि ताईचे डोळे कोरडे राहतात.

मित्रांनो, चष्मा धुऊन मगच पुसा, काच खाली करून ठेवू नका, हे तर आहेच. पण कधी स्वतःसाठी चष्मा निवडायला जाल, तेव्हा तुमच्या मागे बसणाऱ्याला आधी विचारा, "तुझ्या डोळ्यांत काही जातं का गं?"