हरण्याची न्याहारी

सायबानं हरण्या मागितला आन् आमच्या मालकांनी लगीच मान हलवली. मला इचारलं कुणी? शेळीचं दूध चिंधीनं पाजून म्या वाढवलेला कुत्रा त्यो. सशामागं त्याच्यावाणी धावणारा अख्ख्या सोलापुरात दुसरा न्हवता. आता त्यो सायबाच्या मुंबैच्या दोस्ताकडं जायचा, आन् ते बी इमानातनं! तवर आमी कुणी इमान जवळनं बघितलेलं न्हवतं. पुढं सायेब आन् मडम बसणार, मागं शेपटाकडं सामानात हरण्याचं खोकं.

आदल्या दिवशी सायबाचा कारकून, वेणीमाधव, दारात आला. मालक मेंढरांमागं गेलेले.

"बाई, उद्या सकाळी कुत्र्याला काही खायला घालू नका. विमानात पोट ढवळतं. पाणी चालेल, भाकरी अजिबात नाही."

"व्हय की," म्हटलं म्या.

मनात म्हटलं, मेल्या, तू मातूर जेवून येशील न्हवं? आमच्या दारातनं पावणा उपाशी जात न्हाय, सासरी निघालेली लेक न्हाय. आन् ह्यो तर पुन्ना दिसणार बी न्हवता. सकाळी दुधात दोन भाकरी कुस्करल्या, वर लोण्याचा गोळा घातला. हरण्यानं ताट चाटूनपुसून ठेवलं. मालक बघत हुते. त्यांचं डोळं भरून आलं.

माळावर इमानाचा आवाज ऐकून हरण्या लई भुकायला लागला. मडमेनं कानांवर हात ठेवलं. मग वेणीमाधवानं त्याच्या तोंडाला चामड्याची मुसकी आवळली आन् खोकं मागं सरकवलं. इमान घरघरत वर गेलं. मला बी, खोटं कशाला बोलू, जरा तोराच चढला.

चार दिसांनी वेणीमाधव परत आला. बस म्हटलं तर बसला न्हाय.

"साहेब परत आले, त्यांनी सांगितलं. मुंबईत खोकं उघडलं तर मेलेला होता. उलटी झाली, मुसकीमुळं बाहेर पडेना. घशातच अडकली." मग हळूच म्हणाला, "बाई, भाकरी घातली होती?"

"न्हाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला कळलं हुतं की! पर मुसकी त्यानंच बांधलेली. "भ्यायला असेल. साहेबांना मी तसंच सांगितलंय," म्हणाला आन् गेला. आमी दोघं बी चोर. त्याला शिव्या द्यायला बी माझं तोंड ऱ्हायलं न्हाय.

सांजच्याला मालक आले. म्या सांगितलं, भ्यालं आन् मेलं. ते मटकन खाली बसले. मुडदा बशिवला त्या इमानाचा, म्हणाले. सायबाला, मडमेला, कुणाला सोडलं न्हाय. व्हय म्हटलं म्हणून स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. म्या चुलीतलं लाकूड उगंच मागंपुढं करत ऱ्हायले.

मग ते उठून माझ्याजवळ आले, डोक्यावर हात ठेवला. लगीन झाल्यापासनं असं कदी केलं न्हवतं.

"तू एक लई चांगलं केलंस," म्हणाले. "पोटभर घालून पाठवलंस. उपाशी तरी मेला न्हाय गं."