पाचवी काळी पट्टी

माझं नाव राजनंदिनी. नाव राजवाड्याचं, नोकरी सरकारी दवाखान्यातली. चोवीस वर्षं मध्य प्रदेशात, सतवासच्या भागात नर्स आहे आणि माझ्या तोंडाला सगळे टरकतात, डॉक्टरसुद्धा. हे आधीच सांगून टाकते. पुढे जे सांगायचंय, त्यात मला माझंच शहाणपण नडलं.

मोठा अपघात झाला तर जखमींना कोणत्या क्रमाने उचलायचं, याची योजना मी बसवली होती. जिल्ह्याहून छापील कार्डं यायची होती, ती काही आली नाहीत. मी म्हटलं, खड्ड्यात गेली ती कार्डं. शिंप्याकडून कापडाच्या अरुंद पट्ट्या कापून आणल्या. लाल म्हणजे आधी न्या. पिवळी म्हणजे थोडं थांबू शकतो. हिरवी म्हणजे आपल्या पायांनी जाईल. काळी म्हणजे हा आता वाचत नाही, याला सगळ्यांच्या शेवटी न्या. आणि पट्टी मनगटाला नाही, घोट्याला बांधायची. भाजलेल्याचे हात सुजतात, सलाईनही हातालाच लावावं लागतं. ही अक्कल माझी, आणि मला तिचा केवढा तोरा.

शाळेच्या मैदानात सराव केला. खोटे जखमी म्हणून झोपायला वीस जण हवे होते. आशा कार्यकर्त्या म्हणाल्या, थोड्या मुलीही घेऊ. मीच नको म्हटलं. परक्या पोरांनी मुलींना हात लावून उचलायचं, म्हणजे गावाला महिनाभर चघळायला विषय. मग वीसच्या वीस पोरं झोपली, पँटचे पाय वर दुमडून. उचलणारेही पोरंच. बावीस मिनिटांत मैदान रिकामं. जिल्ह्याचे साहेब खूश झाले.

दोन महिन्यांनी थिनर भरायच्या शेडला आग लागली. शेडच्या पुढच्या दाराशी मी उभी होते आणि पट्ट्या बांधत होते. त्या दिवशी मी चार काळ्या बांधल्या. चौघांची तोंडं मला आजही ओळीने आठवतात. चौघंही गेले.

याला आता दीड वर्ष झालं. तीच योजना धार जिल्ह्यात न्यायची ठरलंय. निसरपूरकडे नर्मदेचं पाणी चढतं, तिथल्या गावांसाठी. सोमवारी मला तिथल्याच डही गावाला शिकवायला जायचं होतं. साडीसुद्धा काढून ठेवली होती.

शुक्रवारी सकाळी इंदूरहून डॉक्टर धवल यांचा फोन आला. भाजल्यावर मानेची कातडी आकसते, ती सोडवून नवी कातडी लावायची, त्यातली कोणती पद्धत टिकते यावर त्यांचं संशोधन चाललंय. शेडमधली अंजू त्यांच्या यादीत आहे. तिच्या घरी जाऊन दर महिन्याला मान किती वळते ते मोजायचं काम माझं.

"सिस्टर, अंजूच्या फॉर्ममध्ये एक रकाना रिकामा आहे," ते म्हणाले. "बाकीच्यांना तासाभरात उपचार मिळाले. हिला तीन तास चाळीस मिनिटं लागली. उशीर का झाला?"

"ती मागच्या भिंतीपाशी सापडली. मी पुढे होते. मला काय विचारता?"

"उचलणाऱ्या पोरांच्या यादीत तिच्या नावापुढे 'काळी' लिहिलंय."

मी फोन ठेवला आणि पुन्हा मोजलं. मी चारच बांधल्या होत्या. पट्ट्या माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाकडे नव्हत्या. मग ही पाचवी कोणी बांधली?

दुपारी अंजूच्या घरी गेले. दार तिच्या आईने, दुर्गाबाईने उघडलं. यांचं घर मराठी, चार पिढ्या शिवणकामातली. अंजू बावीस वर्षांची. शेडमध्ये डब्यांना लेबलं चिकटवायची. चेहरा गेला, गळा गेला, हनुवटी छातीला टेकली होती. एका ऑपरेशनने ती दोन बोटं वर आलीय.

"दीदी, जल्दी करा हं. जास्त वेळ बसवत नाही," अंजू म्हणाली. तिचा आवाज फाटलेला आहे, धुराने.

"अंकितचा फोन येतो का गं?" मी आपलं विचारलं. अंकित तिचा भाऊ, उचलणाऱ्या पोरांतला माझा सगळ्यात हुशार गडी. आगीनंतर तो पीथमपूरच्या कारखान्यात गेला तो गेलाच.

अंजूने डोळे भिंतीकडे वळवले. दुर्गाबाई म्हणाली, "मला करतो. हिच्यासमोर त्याचं नाव काढायची सोय नाही, ताई. दिवाळीला आला, उंबऱ्यातून परत गेला. सख्खा भाऊ हो."

मी मोजपट्टी काढली आणि अंजूला पाय लांब करून बसायला सांगितलं. तिचे पाय शाबूत आहेत. डाव्या घोट्याला जाड, पिळाचा काळा धागा होता.

"हा कधीचा?"

"हा नवा," दुर्गाबाई म्हणाली. "नजर लागू नये म्हणून मीच बांधते. आधीचा दवाखान्यात कापला त्यांनी."

हीच ती पाचवी काळी. इथे अर्ध्या मुलींच्या घोट्याला काळा धागा असतो. माझ्या मुलीच्या, अनन्याच्यासुद्धा आहे, रोज डोळ्यांसमोर. आणि सरावाला मी एकही मुलगी झोपवली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. काजळीत, धुरात, पळापळीत पोरांना घोट्याला काळं दिसलं आणि ती पुढे गेली. पुढे जा असं मीच तर शिकवलं होतं.

दुर्गाबाईला मी चहा करायला आत पाठवलं. तिने ते ऐकू नये असं वाटलं. धागा तिने बांधला होता.

मग अंजूला सगळं सांगितलं. एरवी माझी जीभ कशी चुरूचुरू चालते, त्या दिवशी एकेक शब्द ओढून काढावा लागला. शेवटी म्हटलं, "अंकितने तुला ओळखलंच नसेल, बाळा. त्याला नुसती काळी पट्टी दिसली. दोष त्याचा नाही, माझा आहे."

"ओळखलं होतं," अंजू म्हणाली.

मी मोजपट्टी खाली ठेवली.

"माझ्याजवळ बसला. नाव घेतलं. गमछा काढून माझ्या अंगावर घातला, खूप रडला. आणि उठून दुसऱ्याला उचलून घेऊन गेला. मला आवाज काढता येत नव्हता, पण मी बघत होते, दीदी. दीड साल हेच चाललंय डोक्यात. इतकं रडू येत होतं, तर मला उचललं का नाही? मला वाटलं, माझं तोंड बघून त्याने ठरवलं, ही जगून काय करणार."

"नाही गं. त्याला वाटलं मी ठरवलंय."

तिने आईचा फोन उचलला, नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"हां आई, बोल," अंकित म्हणाला. मागे मशीनचा आवाज होता.

"मी आहे."

मशीनचा आवाज हळूहळू लांब गेला. तो बाहेर आला असावा.

"अंकित, मी जिंदा होते रे."

"माहीत आहे," तो म्हणाला. "तुझा श्वास चालू होता. मी पाहिला. पण काळी बांधली होती ना. दीदी म्हणाल्या होत्या, काळीवाला श्वास घेत असला तरी सोडा, तोवर दुसरा वाचणारा मरतो. सगा असला तरी. मी दुसऱ्याला नेलं, तायडे. तो रस्त्यातच मेला."

हे मी म्हटलं होतं, अगदी याच शब्दांत, मैदानात कमरेवर हात ठेवून. आता त्याला सांगायचं होतं की काळी नव्हतीच, तो आईने बांधलेला धागा होता, तू बहिणीला फुकट टाकून गेलास. मी फोनकडे हात केला.

अंजूने फोन छातीशी दाबून धरला आणि अगदी हळू म्हणाली, "फॉर्मात खरं लिहा. डहीलाही खरं सांगा. याला नका सांगू. आईलाही नाही. तुम्हीच बांधली म्हणा."

"अंजू, हे खोटं आहे गं."

"हओ," तिने होकार दिला. "तुम्हाला झेपेल. त्याला नाही झेपणार."

तिने फोन माझ्यासमोर धरला.

"अंकित, मी राजनंदिनी बोलतेय," मी म्हटलं. "तुझ्या बहिणीला काळी मी बांधली. बघायला चुकले. लाल बांधायला हवी होती."

तो बोलायला लागला. नेहमी "हओ दीदी" म्हणणारा पोरगा, त्याने मला नाही नाही त्या शिव्या घातल्या. तिचा श्वास मला दिसला, तुम्हाला कसा दिसला नाही, डोळे फुटले होते का, माझी बहीण होती ती, असं ओरडत राहिला. चहा घेऊन आलेली दुर्गाबाई दारात थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी एका शब्दाने उलट बोलले नाही.

अंजूने फोन तसाच धरून ठेवला होता. मान वर होत नव्हती, म्हणून ती खाली वाकूनच ऐकत होती. दीड वर्षाने तिचा भाऊ तिच्यासाठी भांडत होता, आणि तिने त्याला एकदाही थांबवलं नाही.