ताट कोणाच्या हातात

आमच्या घरी देवघराच्या बाजूले बँकेची कॅलेंडरं टांगलेली असतात. वर्ष सरलं तरी मी जुनं काढत नाही, त्याच्यावरच नवं टांगते. खिळा वाकला, मी नाही वाकली. कॅलेंडरावर वरतं बँकेच्या कार्यक्रमाचा फोटो असते अन् खाली तारखा. फोटोत मधात अध्यक्ष नारायणराव, बाजूले कोणीतरी पाव्हणा, अंगावर शाल, हातात नारळ. अन् एकदम कडेले एक ताट. ताट धरलेला हात कोपरापर्यंत दिसते, तिथून पुढं माणूस कापलेलं.

तो हात माह्या सुनेचा, सुवर्णाचा.

मी तिसरीपर्यंतच शाळा पाह्यली, पण फोटो पाहाले शाळा लागत नाही. आमची सुवर्णा अमडापूरच्या शाखेत खिडकीत बसते. आमचं गाव उंद्री, अन् अर्धी उंद्री तिच्या खिडकीपुढं रांगेत उभी राहते. माह्या जाऊबाईचा, अंबूबाईचा, पोरगाबी तिथंच उभा राहते, अन् तिथं त्याले 'वहिनी, वहिनी' म्हणता येते. पण अंबूबाई घरी आली का पहिले त्या कॅलेंडराकडं पाहणार अन् म्हणणार, "सुवर्णा बँकेत काय करते वं? मले तर दरसाल ताटच दिसते."

एवढं बोलून माह्याच घरचा चहा पिणार.

मागच्या साली सुवर्णाले बँकेत पंचवीस वर्षं झाली. बँकेनं बुलढाण्याले हॉल घेतला. पंचवीस वर्षं झालेल्याचा सत्कार, अन् नवीन लागले त्याईचं स्वागत, असा कार्यक्रम. पंचवीसवाली त्या साली एकटी सुवर्णाच. समजलं त्याच दिवशी मी अंबूबाईच्या दारात गेली.

"शुक्रवारी लुगडं काढून ठेव," म्हटलं. "सुवर्णाचा सत्कार हाय. गाडी आमची, जेवण बँकेचं. तुले फक्त डोळे घेऊन यायचं हाय."

"ताट कोण धरणार मंग?" अंबूबाई म्हणे.

"तुह्या तोंडावर धरीन मी," म्हटलं.

घरी आली तर सुवर्णा माह्या पोराले, इंद्रभानले सांगून राह्यली होती की मले सगळ्याईच्या आधी जा लागते. रांगोळी काढायची हाय, ताटं लावायची हायेत.

"काऊन?" म्या विचारलं. "नवरीनं सोताच्याच लगनात अक्षता वाटाच्या काय?"

"आत्याबाई, दरवेळी मीच करते. दुसऱ्या कोणाले जमत नाही."

"दुसऱ्या कोणाले सांगतलं कधी?"

ती हासली. तिची हीच सवय मले आवडत नाही. बोलायच्या जागी हासते. माह्या पोरानं मान खाली घालून मेथीच्या जुड्या बांधणं चालूच ठेवलं. त्याची तर बोलायचीच जागा नाही.

शुक्रवारी आम्ही बुलढाण्याले पोहोचलो तर तिथं हवा अशी गार का अंबूबाईनं पदर कानावरून घेतला. हॉलच्या दारात सुवर्णाची रांगोळी. आत स्टेजवर मोठ्ठं बॅनर. बॅनरवर नारायणराव हात जोडून, अन् त्याईच्या पायाशी बारीक अक्षरात सुवर्णाचं नाव. मी अंबूबाईले पहिल्या रांगेत बसवाले गेली तर एक माणूस म्हणे, ही रांग पाव्हण्याईची.

"मंग आम्ही कोण? इथं पाणी भराले आलो काय?"

दुसऱ्या रांगेत बसलो. सुवर्णा स्टेजच्या कडेले उभी होती. नवी मोरपंखी साडी, माह्या हातानं निऱ्या धरल्या होत्या सकाळी. हातात ताट. ताटात शालीचा गठ्ठा, वरतं नारळ.

"पाह्य वं," अंबूबाई माह्या कानात, "करवलीवानी उभी हाय."

मी म्हटलं, "थांब जरा. अजून नाव पुकारलं नाही."

नाव पुकाराचं काम अमडापूर शाखेच्या मॅनेजरकडं होतं. प्रेमानंद सर. माणूस वाईट नाही, पण हातात माइक आला का त्याच्या जिभेले चाकं फुटतात. आधी अध्यक्षानं पाव्हण्याचा सत्कार केला. मंग पाव्हण्यानं अध्यक्षाचा. उपाध्यक्ष रुसू नये म्हणून अध्यक्षानं त्याईचा केला, अन् उपकार राहू नये म्हणून त्याईनं परत अध्यक्षाचा. मंग संचालक उभे राह्यले. लगनात दोन्हीकडचे व्याही गळाभेटी घेतात तसं चाललं होतं, अन् नवरी तिकडं ताट घेऊन उभी. दरवेळी सुवर्णा ताट पुढं करे, एक शाल उचलली जाये, ती मागं सरके. फोटोवाला म्हणे, "ताई, जरा बाजूले." ती अजून सरके.

मी त्या गठ्ठ्याकडं पाहून राह्यली होती. गठ्ठा बसत चालला होता.

तेवढ्यात मागून एक माणूस आला. नारायणरावांचे साडू. त्याईची कोर्टात तारीख होती, ती पुढं ढकलली, म्हणून इकडं चक्कर मारली. प्रेमानंद सर माइकवर म्हणे, "आपल्या सर्वांचं भाग्य की साहेब वेळात वेळ काढून आले."

"वेळ कोर्टानं काढून देल्ला," मी मोठ्यानंच म्हटलं. पुढच्या रांगेतला एकजण खुदकन हासला. पण शाल गेलीच. साडूच्या अंगावर.

मंग नवीन लोक. एक ऋत्विक म्हणून पोरगा, एक समीक्षा म्हणून पोरगी. दोघाईले गुलाबाचं एकेक फूल. पोरगी लाजली, पोरगा ऐटीत खाली आला अन् पहिल्या रांगेत, त्या पाव्हण्याईच्या रांगेत, मांडीवर मांडी टाकून बसला. त्याले कोणी उठवलं नाही. पोरगी खाली उतरत होती तर प्रेमानंद सर माइक बाजूले करून म्हणे, "समीक्षा, जरा ते ताट धरता का? सुवर्णाताईंचाच सत्कार आहे आता."

अन् सुवर्णानं ताट तिच्या हातात देल्लं. कसं धराचं तेबी दाखोलं. पोरीनं गुलाबाचं फूल कुठं ठेवावं म्हणून इकडं तिकडं पाह्यलं, शेवटी ताटातच ठेवलं.

मी तिथंच उठणार होती. पण मी दातावर दात ठेवले, कारण आता नाव पुकारलं जात होतं. सुवर्णा मधात आली. अंबूबाईले म्या कोपरानं ढोसलं. "पाह्य आता."

नारायणरावांनी हात ताटाकडं नेला. ताटात नारळ होता अन् गुलाबाचं फूल. शाल नव्हती.

स्टेजवर जराशी कुजबूज झाली. मंग नारायणराव साडूकडं वळले अन् हासत म्हणे, "साहेब, जरा ती शाल द्या. फोटोपुरती."

फोटोपुरती! साडूनं अंगावरची शाल काढून देल्ली. ती सुवर्णाच्या खांद्यावर टाकली, नारळ हातात देल्ला, टाळ्या झाल्या. फोटोवाला म्हणे, "एक मिनिट, कॅमेऱ्याचा सेल बदलतो." तेवढ्या एका मिनिटात माह्या सुनेनं काय केलं म्हणता? खांद्यावरची शाल काढली, चार घड्या घातल्या, घडीवर हात फिरवून सळ मोडला अन् परत साडूच्या पुढं केली.

कोणी मागितली नव्हती. हाताले सवयच तशी.

"देल्लीबी अन् घेतलीबी," अंबूबाई म्हणे.

मंग मी उठली. माह्ये गुडघे पायऱ्या चढाले तयार नसतात, पण त्या दिवशी त्याईले विचारलं कोणी?

"आजी, आजी, खाली बसा," प्रेमानंद सर धावले.

"बसाले घरी खाट हाय मले," म्हटलं. "अध्यक्षसाहेब, तुमच्या अंगावर दोन शाली हायेत. तुम्हाले एवढी कोणती थंडी वाजून राह्यली?"

हॉल हासला. नारायणराव हासले नाहीत, पण माणूस निवडणुकीतला, लवकर सावरला. "माय, चूक झाली. ताईंना शाल शाखेत पोहोचवतो."

"शाखेत कोण पाहणार? भिंत? मी गावाहून माणसं आणली पाहाले."

"आत्याबाई," सुवर्णा माह्या कानाशी येऊन म्हणे. "खाली जा. उद्या मले इथंच काम करायचं हाय."

तिनं एवढं तोंड वर करून मले कधी सांगतलं नव्हतं. पंचवीस वर्षांत बोलली, तर मलेच बोलली. नारायणरावांले नाही, साडूले नाही. मले.

पण चढलेलं माणूस असं कसं उतरणार? नारायणरावांनी आपली वरची शाल काढली अन् सुवर्णाच्या खांद्यावर टाकली. म्हणे, "ही ताईंचीच. परत घेणार नाही." मी म्हटलं, "हं. आता फोटो काढा. पूर्ण काढा, हाताचा नको, तोंडाचा पाह्यजे." फोटोवाला म्हणे काढतो. तर ती समीक्षा ताट घेऊन कडेले तशीच उभी, जिथं पंचवीस वर्षं सुवर्णा उभी होती तिथंच. एक पाय स्टेजवर, एक जवळजवळ हवेत.

"तू काऊन इथं उभी वं? आजच लागली न नोकरीले? जा, मधात उभी राय ताईजवळ," अन् मी तिच्या हातातून ताट घेतलं.

आता ताट माह्या हातात. मी ते प्रेमानंद सरांपुढं केलं. ते म्हणे, "आजी, माझ्या हातात माइक आहे." खाली पाह्यलं. "ए ऋत्विक का कोण तू, ये, धर हे." त्यानं मागं वळून पाह्यलं, जसा दुसराच कोणी ऋत्विक मागं बसला होता. उपाध्यक्षाकडं केलं तर त्याईनं ताटातलं गुलाबाचं फूल उचललं अन् म्हणे थँक्यू.

"घ्या वं कोणी!" मी म्हटलं.

तेवढ्यात फोटोवाल्यानं फोटो काढला.

घरी येताना गाडीत सुवर्णा खिडकीपाशी बसली. शाल तिनं मांडीवर घडी करून ठेवली होती. अंबूबाई मात्र चिखलीच्या फाट्यापर्यंत जेवणातल्या गुलाबजामचं सांगत होती. इंद्रभाननं आरशातून दोनदा माह्याकडं पाह्यलं. उतरताना सुवर्णा एवढंच म्हणे, "आत्याबाई, ताट जड असते नं?"

ती चिडून म्हणे का कसं, मले अजून समजलं नाही.

जानेवारीत नवं कॅलेंडर आलं. मी चष्मा लावून पाह्यलं. मधात सुवर्णा, पूर्ण, डोक्यापासून पायापर्यंत, अंगावर शाल. बाजूले नारायणराव, अलीकडं ती समीक्षा, डोळे मिटलेले. चांगला फोटो. अन् एकदम कडेले एक ताट. ताट धरलेला हात कोपरापर्यंत. मनगटावर गोंदलेला विंचू.

तो विंचू माह्या मायनं जत्रेत गोंदून आणला होता मले, सगळी उंद्री त्याले ओळखते.

मी ते कॅलेंडर टांगावं का चुलीत घालावं, हे ठरवून राह्यली होती, तर अंबूबाई आलीच. पाह्यलं. जवळ जाऊन पाह्यलं. मंग खाट ओढून बसली.

"काहीबी म्हण बाई," म्हणे, "सुवर्णा सुटली. पण ताट तुम्ही घरातून भाईर जाऊ देल्लं नाही."

माह्या जिभेवर एक नाही, धा उत्तरं आली. पण सुवर्णा तिथंच उभी होती अन् ती हासून राह्यली होती. बोलायच्या जागी नाही, खरोखर. मंग मी चहा ठेवाले गेली.

परवा बँकेत पंधरा ऑगस्टचा कार्यक्रम झाला. सुवर्णा सांगे, ताट समीक्षानं धरलं. ऋत्विक फोटो काढत होता.

त्या पोरीले सासू कोणती भेटते कोणास ठाऊक. स्टेज चढाले त्या सासूचे गुडघे माह्यापेक्षा बरे असावेत.