पाचशे बासष्ट नंबरची तक्रार

नव्या पोर्टलची माहिती द्यायला ते बनवणारा सुयश उभा राहिला तेव्हा वाटलं, आता याला कोणीतरी बुक्का लावून हार घालणार. गळ्यात पट्टा, त्याला टोकन, हातात रिमोट. "पगाराची स्लिप, मेडिकल रिपोर्ट, तक्रारी, सगळं सुरक्षित. आधी लॉगिन, वर ओटीपी. ज्याची फाइल त्यालाच दिसणार!" अंबडच्या आमच्या कारखान्यातले झाडून सगळे साहेब माना डोलवत होते. सप्ताहात पखवाज गळ्यात अडकवून फोटो काढून घेणारे काही असतात. वाजवा म्हटलं की पाणी प्यायला जातात. सुयश त्यातलाच, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

कळलं नाही, म्हणून उज्वलाताईंना शब्द देऊन बसलो.

त्या वाइंडिंग खात्यात, कंत्राटावर. मी टाइम ऑफिसात हजेरी बघतो. मला सगळे माउली म्हणतात, काही प्रेमानं, काही टवाळीनं.

"माउली, दीपक सुपरवायझरची तक्रार टाकतेय. तक्रार समितीशिवाय कोणाला दिसणार नाही ना? त्याला आधीच कळलं तर दुसऱ्या दिवशी मी गेटबाहेर."

"निर्धास्त टाका," म्हणालो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी माझीच तक्रार उघडून बघितली, कँटीनच्या चहाची. वर लिंकच्या पत्त्याच्या शेवटी ४१७. माझा टोकन नंबर! तो आम्हा प्रत्येकाच्या खिशावर शिवलेला असतो. पोर्टलमधून बाहेर पडलो आणि नुसता तो पत्ता टाकला. लॉगिन नाही, ओटीपी नाही, चहा समोर हजर. मग ४१७ पुसून ५६२ टाकलं, उज्वलाताईंच्या खिशावरचा नंबर. त्यांची तक्रार उघडली. पहिली ओळ वाचली आणि मोबाइल पालथा ठेवला.

सकाळी सुयशला गाठलं.

"काका, एवढा पत्ता टाइप करत कोण बसणार? लिंक लॉगिननंतरच दिसते."

"अरे, नंबर छातीवर घेऊन फिरतात बाराशे माणसं."

"तुम्ही भजनाची माणसं. टेक्निकल राहू द्या. नेक्स्ट व्हर्जनला बघू."

भजनाची माणसं! आमच्या देवळाबाहेर चपला सांभाळणारे मंगळूबाबा चौथीपर्यंत शिकलेले. पण बिल्ला हातात घेतल्याशिवाय जोड देत नाहीत. नुसता आकडा ओरडणाऱ्याला तर शिव्याच मिळतात. आणि हा इंजिनियर पुढच्या दाराला दोन कुलपं लावतो, फाइली मागच्या ओट्यावर मांडतो, वर आम्हाला अक्कल शिकवतो.

त्याच्या गळ्यातलं टोकन वाचलं, मोबाइलवर माझ्या मेडिकल रिपोर्टच्या पत्त्याशेवटी टाकलं. त्याचा मेडिकल रिपोर्ट. मी वाचला नाही. मोबाइल तसाच त्याच्याकडे फिरवला.

"ओ, बंद करा! हे पर्सनल आहे!"

"नेक्स्ट व्हर्जनला बघू."

अर्ध्या तासात काम झालं. स्वतःचा रिपोर्ट उघडा दिसला की यांची बोटं कशी भराभर चालतात!

"फाइली उघड्या फोल्डरमधून काढून आत ठेवल्यात," तो घाम पुसत म्हणाला. "आता दर वेळी आधी बघणार, मागणारा कोण, फाइल त्याची आहे का. मगच देणार."

"म्हणजे मंगळूबाबा बसवले."

त्याला काही कळलं नाही.

"आता सांग, ५६२ आजवर कोणी उघडली?"

त्यानं नोंदी चाळल्या. "समितीनं दोनदा. आणि लॉगिन न करता एकदा. काल, सव्वासात वाजता. कोण असेल?"

"मी."

तो दात काढून हसला.

जेवणाच्या सुट्टीत उज्वलाताईंना सगळं सांगितलं. दीपकनं उघडली नाही, हे आधी. मी उघडली, हे नंतर. त्यांनी डब्याचं झाकण पुन्हा लावलं.

"किती वाचलंत?"

"पहिली ओळ. तीन रविवार तुम्हाला एकटीला कामावर बोलावलं, एवढीच."

"रविवारची हजेरी कोण बघतं, माउली?"

मीच. तीन रविवार, हजेरीच्या मशीनवर दोनच पंच, त्यांचा आणि दीपकचा. तिन्ही पानांखाली माझी सही. सह्या करताना मी अभंग गुणगुणत होतो.

"समिती सोमवारी अकराला बसतेय," त्या म्हणाल्या.

सोमवारी सकाळी काल्याचं कीर्तन. वर्षभर वाट बघतो मी त्याची, टाळ पिशवीत आधीच भरलेले.

"हजेरीची पानं पाठवतो, ताई."

"पानांचा अर्थ दीपकही फिरवेल. तुम्ही या."

संध्याकाळी मंदिरात जाऊन टाळांची पिशवी बुवांच्या हवाली केली आणि सोमवारी दुसरा टाळकरी बघा म्हणालो.